जळालेली गाडी आणि बेलभंडार

भिंगारच्या जुन्या बाजारामागे आमची गल्ली आहे. तिचे एक टोक बाजाराच्या रस्त्याला मिळते आणि दुसऱ्या टोकाला महादेवाचे लहान देऊळ आहे. तेथे वाट संपते. ज्यांनी येथील घरे बांधली त्यांच्या डोळ्यांसमोर भरलेली बैलगाडी होती. ती जाईल एवढी वाट त्यांनी सोडली आणि त्याहून अधिक सोडण्याचे त्यांना कारण नव्हते.

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यापासून मी त्या देवळात सायंकाळी पोथी वाचतो. गल्लीत कोणाकडे नवी वस्तू आली की दोन अक्षता टाकण्यासाठी मला बोलावणे येते. त्यामुळे आज मी जिच्याविषयी लिहितो आहे त्या पांढऱ्या मोटारगाडीच्या चाकांखाली लिंबे मीच ठेवली होती आणि तिच्या पुढच्या भागावर कुंकवाचे स्वस्तिक मीच काढले होते. पुढे तीच गाडी गल्लीत उभी राहू नये असा अर्जही माझ्याच हस्ताक्षरात गेला. यात मला विसंगती वाटली नाही. पूजा वस्तूची होती, अर्ज जागेविषयी होता.

गाडीचा मालक हा कर्जतकडचा तरुण. प्रवासी नेण्या-आणण्याचा त्याचा व्यवसाय. आई आणि तो, दोघेच घरात. गल्लीच्या मध्यावर त्यांचे भाड्याचे घर होते आणि त्या घराच्या पायरीला टेकून, एका बाजूचा आरसा मिटवून, तो गाडी लावीत असे. पलीकडच्या भिंतीपर्यंत एक मनुष्य अंग चोरून जाईल इतकी फट उरे. त्याच्या मागोमाग आणखी दोघांनी गाड्या आणल्या. त्यांना निदान रात्री बाजारात लावायला जागा मिळे. याची गाडी मात्र दारातच राही.

देवळाशेजारच्या घरात सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. उंच, ताठ, मितभाषी. त्यांची पत्नी वारली त्या दिवशी तो तरुण दुसऱ्या एकाच्या गाडीवर बदली चालक म्हणून श्रीगोंद्याला गेला होता. त्याची स्वतःची गाडी दारात आणि किल्ली त्याच्या खिशात. तिरडी खांद्यावर घेऊन चौघे जण गाडीपर्यंत आले आणि थांबले. शेवटी मागच्यांनी ती दोन्ही हातांवर उंच धरली, गाडीच्या टपावरून पुढे सरकवली आणि पुढच्यांनी पलीकडून झेलून घेतली. मुलगा नसल्यामुळे हवालदारच अग्नी घेऊन पुढे निघाले होते. ते धुमसते मडके हातात धरून पलीकडे उभे होते आणि मान वळवून पाहत होते.

तेरावा झाल्यावर देवळात बैठक बसली. गल्ली चारचाकींना बंद करावी, तोंडाशी लोखंडी खांब रोवावेत, असे ठरू लागले. मी अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. वाट कोणी कोणास द्यावी याची स्मृतींत एक यादी आहे, तिचा मी त्यात आधार घेतला होता: अतिवृद्धाला, रोग्याला, ओझे वाहणाऱ्याला, स्त्रीला, नवरदेवाला.

दाराशी उभ्या असलेल्या त्या तरुणाने विचारले, "गुरुजी, गाडीवाल्याचं काय लिवलंय त्यात?"

"त्याचे नाव यादीत पहिले आहे," मी सांगितले.

सगळे हसले. किराणा दुकानदार म्हणाला, "मग गुरुजी, तुम्ही अर्ज कोणाच्या बाजूने लिहिलाय?"

"चाकांच्या गाडीला चटकन बाजूला होता येत नाही, म्हणून तिला वाट द्यावी असे सांगितले आहे," मी म्हणालो. "वाटेत बिऱ्हाड करावे असे सांगितलेले नाही."

"मंग बिऱ्हाड कुठं करू ते सांगा, आत्ता उठतो," तो म्हणाला. "गाड्या घ्या म्हनून दारात येतेत सगळे कर्जवाले. लावायला जागा कोन देतंय?"

हवालदार देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी सर्वांच्या आधी सही केली आणि ते निघून गेले.

अर्ज सरकारी कार्यालयात पडून होता तेव्हा मी पाथर्डीकडच्या एका गावी सप्ताहात प्रवचनासाठी गेलो होतो. परतलो तो भर दुपारी. एस.टी.तून उतरून गल्लीत वळलो तर रबर जळाल्याचा दर्प आला. गाडीचा सांगाडा तेवढा उभा होता. काचा नव्हत्या, टायर नव्हते, आणि घराच्या भिंतीवर छपरापर्यंत काजळी चढली होती. पायरीवर तरुणाची आई बसली होती. रात्री कोणीतरी ज्वालाग्राही काही ओतून गाडी पेटवली होती. शेजाऱ्यांनी बादल्यांनी पाणी ओतले म्हणून घर वाचले.

"तुमी देवाचं सांगायला गेल्ता," ती मला म्हणाली, "आनि हितं असं झालं."

मी तिच्यापाशी बसलो.

पोलीस येऊन पंचनामा करून गेले. बाजारातल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तोंडाला फडके बांधलेला एक उंच माणूस पाठमोरा दिसला, त्याहून अधिक काही नाही. उंच म्हटल्यावर गल्लीतले डोळे हवालदारांच्या दाराकडे वळले. तोंडावर कोणी बोलले नाही. पण ते दुकानात आले की चार माणसांचे बोलणे थांबू लागले. तो तरुण त्यांच्या घरावरून जाताना थुंकतो, असेही माझ्या कानावर आले.

आणि त्याच सुमारास अर्ज मंजूर झाल्याचे कळले. बाजारामागच्या गल्ल्या चारचाकींना बंद होणार होत्या. आग लागल्यामुळे काम लवकर झाले, असे कार्यालयातल्या एकाने सहज सांगितले. गल्लीतील लोक उघड आनंद करीत नव्हते, पण बरे झाले असे त्यांच्या चेहऱ्यांवर होते. मला मात्र त्या मंजुरीचे ओझे झाले. वस्तू कोणत्या मार्गाने हाती आली याचा विचार करावा, असे लहानपणापासून शिकलो. देवाला वाहायचे फूलसुद्धा दुसऱ्याच्या कुंपणातून न विचारता घेऊ नये. मग हे काय होते? मागितले होते ते न्याय्य होते, यात मला आजही शंका नाही. पण ते आमच्या हाती आले ते एका अनोळखी दुष्टाच्या हातून. मी खांब रोवण्याचे काम काही काळ थांबवण्याची विनंती केली. दुकानदार मला म्हणाला, "गुरुजी, ताट वाढून आलंय, आता तुम्ही पाटावरून उठताय." कदाचित त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून असेल.

त्यानंतर तरुणाची आई देवळात आली. तिने ट्रंक बांधून ठेवली होती. "गावाकडं जातो आमी," ती म्हणाली. "ज्या गल्लीत कोन आपलं न् कोन जाळनारं कळत न्हाई, तितं झोप कशी लागंल?"

"गावी मुलाने काय करायचे?"

"तीन एकर हाय. थोरला कसतोय, त्येचंच भागंना. ह्येला तितं काम न्हाई, ठावं हाय मला. एकच करा गुरुजी. सोमवारी गल्लीतल्या दर घरच्या मानसानं हितं बेलभंडार उचलावा. सगळ्यांनी उचलला तर ऱ्हातो. एक जरी मागं सरला तर मंगळवारच्या यष्टीनं आमी गेलो."

पिंडीवरचा बेल आणि खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन देवासमोर जे बोलावे ते खोटे असू नये, हा आमच्याकडचा जुना निर्बंध. मी तिला समजावून पाहिले. वयाने एखाद्याचा हात थरथरला तरी लोक त्याला अपराधी ठरवतील, असे सांगितले.

"तुमाला भ्या वाटतंय का?" तिने विचारले.

"वाटते," मी म्हणालो. "देवळात ते वाटायलाच हवे."

सोमवारी पोथी झाल्यावर माणसे थांबली. तिने घरच्या देव्हाऱ्यातील भंडाऱ्याची पितळी डबी आणली होती. काय बोलायचे तेही तिनेच ठरवले होते: गाडी मी जाळली नाही, जाळवली नाही, आणि कोणी जाळली हे मला ठाऊक नाही. पहिला मी उचलला. माझा हात थरथरला, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. सर्वांचे लक्ष हवालदारांकडे होते. माझ्यामागून शेजारच्या घरचे दोघे झाले. मग हवालदार पुढे आले.

त्यांनी बेल तळहातावर घेतला. तिने वर चिमूटभर भंडारा टाकला. परेडला उभे राहावे तसे उभे राहून त्यांनी तिन्ही वाक्ये एका दमात म्हटली. आता बेल पिंडीवर ठेवायचा होता. ते तसेच उभे राहिले.

"ठेवा की हवालदार," मागून दुकानदार म्हणाला.

"अजून एक हाय," ते म्हणाले. "हातात हे घेऊन अर्धं सांगितलं तर ते खोटंच. गाडी जळालेली सकाळी बघितली तवा मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोनदा चहा करून प्यालो."

तरुण ताडकन उठला. आईने त्याचे मनगट धरले. "बस खाली." मग हवालदारांकडे वळून तिने विचारले, "का बरं वाटलं?"

"त्या गाडीपायी माझं माणूस लोकांनी डोक्यावरून काढून नेलं. मी पलीकडं मडकं धरून उभा. त्याचंही मी काही म्हणत नाही, पोरगं श्रीगोंद्याला होतं. पण नंतर? चार घरं सोडून राहतो. येऊन दोन शब्द बोलला नाही."

आई मुलाकडे पाहत राहिली. हे तिला नवे असावे. "तू गेल्ता म्हनला हुतास मला."

"काय तोंडानं जाऊ?" तो खाली पाहून म्हणाला.

"ज्या तोंडानं गाडी लावलीस त्याच."

तिने डबीचे झाकण लावले. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. बाकीच्यांना नगा देऊ बेल."

"अहो, पण आमचं राहिलंय," दुकानदार म्हणाला.

"तुमचं असू द्या तुमच्यापाशी. एक मानूस पुरतं खरं बोललं, मला लई झालं."

हवालदारांनी बेल पिंडीवर ठेवला, हात जोडले आणि चपला घालून घरी गेले.

मंगळवारची एस.टी. गेली. ती मायलेकरे गेली नाहीत. फुले घेऊन परतताना मी त्या तरुणाला हवालदारांच्या पायरीवर बसलेला पाहिले. दार उघडे होते. त्यांच्यात काय बोलणे झाले ते मी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. पण राहायचे ठरले तरी मूळ प्रश्न सुटला नव्हता. विम्यातून तो जुनी का होईना, गाडी घेणार होता. ती लावायची कोठे? गल्ली तर बंद होणार. लांब कोठे उभी केली तर ती पुन्हा कोणी जाळील ही भीती त्याच्या आईच्या मनातून जात नव्हती.

काही दिवसांनी हवालदार माझ्याकडे आले. "गुरुजी, परसातली तुळस हलवायची हाय. चांगला दिवस बघून द्या."

त्यांच्या घरामागे लहान परसू आहे. त्याची भिंत पलीकडच्या रुंद रस्त्याला लागून आहे. पुढे गल्लीत जागा नाही म्हणून त्यांच्या पत्नीने तुळस परसातच लावली होती, अगदी मधोमध.

"कशासाठी हलवायची?"

"भिंत फोडून फाटक बसवतोय. गाडी लावायची."

"कोणाची?"

"माझी कुठली? मी सायकल चालवतो."

रविवार आणि द्वादशी टाळून मी दिवस काढून दिला. सकाळी प्रार्थना करून, मुळाशी माती तशीच राहील अशा बेताने, मी कडेने उकरू लागलो. हवालदार पाठ करून उभे होते. मातीचा गड्डा सुटला तो तरुणाच्या आईने दोन्ही हातांनी पदरात धरला आणि भिंतीच्या कोपऱ्यात नव्या खड्ड्यात अलगद ठेवला. पाणी घालून झाल्यावर तिने हवालदारांना हाक मारली. त्यांनी वळून पाहिले, मान हलवली आणि घमेले उचलले.

गल्लीच्या तोंडाशी आता खांब आहेत. त्यांना मी पुढे विरोध केला नाही. गाडी कोणी जाळली हे अद्याप कळलेले नाही. त्या मनुष्यास सद्बुद्धी व्हावी एवढे मागून मी रोजची पोथी मिटतो.

जुनी घेतलेली गाडी आली त्या दिवशी मला पूजेला बोलावले होते. तबक घेऊन मी परसात उभा होतो. तरुण गाडी मागे घेत होता आणि हवालदार तुळशीच्या पुढे हात आडवा धरून उभे होते.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडं काट. अजून… बास."

गाडी थांबली. त्याने खिडकीतून मान काढून मागे पाहिले. "अजून हातभर हाय की, काका."

"ते हातभर तिचं हाय," हवालदार म्हणाले आणि फाटक लावायला गेले.