पडवीतला संसार

माझी आई शालन, बेळगावच्या शहापूरची. तिच्या माहेरी माणसं पुष्कळ आणि सामान थोडं. जेवणं झाली की पाट भिंतीला उभे राहायचे, अंथरुणांच्या वळकट्या कोनाड्यात जायच्या, आणि झाडू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुठेही न अडकता फिरायचा. अशा घरातली मुलगी लग्न होऊन बंगळूरला आली आणि अडगळीत पडली.

आमचं बिऱ्हाड तेव्हा चामराजपेटेतल्या एका वठारात होतं. मधे अंगण, भोवती बिऱ्हाडं. आम्हाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लांबट पडवी. माणसं पाच. आजोबा, अण्णा, आई, मी आणि धाकटा उपेंद्र. अण्णा, म्हणजे माझे वडील रत्नाकर, विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. नोकरी चांगली, माणूस निर्व्यसनी. विडीसुद्धा नाही. त्यांना नाद एकच, लिलावाचा.

इंग्रज गेले आणि त्यांच्या मागोमाग दंडूतली अँग्लो-इंडियन कुटुंबंही विलायतेला, ऑस्ट्रेलियाला निघाली. दंडू म्हणजे गावाचा छावणीकडचा भाग. जहाजावर नेता येणार नाही ते सगळं सामान लिलावात निघायचं, आणि अण्णा रविवारी सायकल काढून तिकडे जायचे. संध्याकाळी पुढे अण्णा आणि मागे हातगाडी. वठारातल्या बायका कामं टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या.

हॅट अडकवायचा खांब आला. आमच्यात हॅट कुणाचीच नव्हती, त्याच्यावर आजोबांचे पंचे वाळायला लागले. संगमरवरी माथ्याचं तोंड धुवायचं टेबल आलं. काचेची दारं असलेलं कपाट आलं, त्यात ठेवायला काही नाही म्हणून पुढच्या रविवारी फुटक्या कानांचे कप आले. पोटाशी खोल खण असलेलं एक अजस्र जेवणघराचं कपाट आलं, ते दारातून आत जाईना म्हणून चौकट काढून बसवली. सांबराचं एक मुंडकं आलं. त्याचे काचेचे डोळे ठीक होते, पण मानेतून भुसा गळायचा आणि केस उडून पिठात पडायचे. आई भाकरी थापताना मधेच थांबायची, चिमटीनं केस काढायची आणि उरलेलं पीठ गाईपुढे टाकून यायची.

एकदा अण्णांनी लोखंडी यंत्र आणलं, दांडा फिरवायचं.

"कैऱ्या किसायला होईल," ते म्हणाले.

आईनं ते उचलून पाहिलं. आतल्या फिरकीच्या खाचेत काळं काहीतरी वाळून बसलं होतं. तिनं वास घेतला आणि यंत्र तिथेच सोडलं, ते फरशीवर दाणकन पडलं.

"अहो, हे खिम्याचं आहे."

"मग काय झालं? धुतलं की झालं."

अण्णांचं सगळ्याला हेच उत्तर होतं. परक्यांच्या घामाचे डाग असलेल्या गाद्या, कुणाचे तरी दात लागलेले काटेचमचे, कुठल्या मडमेच्या केसांनी गच्च भरलेला ब्रश, सगळं धुतलं की झालं. आईचा जीव त्या घरात कोंडायचा. कपाटांच्या मागे झाडू पोचत नव्हता, आणि जिथे झाडू पोचत नाही तिथे काय पोचतं ते तिला रोज सकाळी दिसायचं. झुरळं, लेंड्या, पालीची अंडी. मी दप्तर काढलं की आई ते माझ्या हातून घेऊन आधी अंगणात झटकायची.

आजोबांचं नाव नरसिंहराव. ते छावणीच्या एका कचेरीत जन्मभर कारकून होते. साहेबापुढे कागद धरून उभं राहण्यात त्यांचे गुडघे गेले, असं अण्णा म्हणायचे. आजोबांना मांडी घालता येईना. त्यांचं सोवळं, आमच्याकडे मडी म्हणतात, फार कडक. पण पाटावर बसता येत नाही तर जप कसा करायचा? तेव्हा अण्णांनी लिलावातून एक खुर्ची आणली. काळं शिसवी लाकूड, वेताची पाठ, रुंद हात, आणि बसायला कातड्याची जाड गादी. त्या दिवशी अण्णांचा चेहरा मी पाहिला होता. देवळातून मूर्ती आणावी तशी ती खुर्ची त्यांनी आत आणली.

"बाबा, पुष्कळ उभे राहिलात. आता तुम्ही बसायचं."

आजोबा बसले. कातड्यावर धाबळी टाकली की मडीला चालतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. पुढे कितीतरी महिने अंघोळ झाली की ते त्या खुर्चीत बसून माळ ओढायचे.

सत्तावन्न साली पाडव्यानंतर घरात वास सुटला. आधी तो एकट्या आईलाच यायचा. अण्णा म्हणायचे, तुझं नाकच वाईट. मग तो आम्हालाही यायला लागला. गोडसर, जड, घशात चिकटणारा. आईनं धूप घातला तर धूप आणि वास मिळून तिसरंच काहीतरी झालं. उपेंद्र पानावरून उठून जायचा. शेवटी समोरच्या बिऱ्हाडातल्या प्रेमाक्का नाकाला पदर लावून दारात आल्या.

"शालनक्का, स्वल्प बघा हो. आमच्या पानापर्यंत येतोय वास."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सरी, अक्का, बरं," एवढंच ती म्हणाली, आणि रविवारी सकाळी अण्णा सायकल काढत होते तेव्हा तिनं सायकलीचं हँडल धरलं.

"आज लिलाव नाही. आज घर."

सामान हलवायला जागाच नव्हती. एक कपाट ओढायचं तर दुसरं आधी पडवीत न्यायला हवं. अण्णा आणि शेजारचे नागोजी ओढत होते, आई झाडू घेऊन मागे. हॅटचा खांब हलला तशी त्याच्या बुडातून झुरळं ओघळली. मग आजोबांची खुर्ची उचलली. आजोबा पडवीत कठड्याला टेकून उभे होते, हातात माळ होती.

खुर्ची दारात कलली आणि गादी घसरून खाली पडली. गादीखाली एक फळी होती, तीही सुटली. खाली गोल भोक, आणि भोकात बसवलेलं पांढऱ्या एनॅमलचं भांडं. त्याच्या कडेला पिवळट पुटं धरली होती.

अण्णांना कळलं नाही. नागोजींना कळलं नाही. आजोबांना लगेच कळलं.

"थांब," ते म्हणाले. "ती खाली ठेव."

ते जवळ आले आणि वाकून बघत राहिले.

"मी बंगल्यावर कागद घेऊन जायचो. साहेब आजारी असला की सकाळी मागच्या दारानं ही बाहेर यायची. झाकलेली. धुवायला." मग ते अण्णांकडे वळले. "साहेब ज्याच्यावर बसून हगत होता, त्याच्यावर मला बसवलंस, रत्ना. जपाला."

आजोबा अंगणात गेले आणि कठड्याला धरून ओकले. मग हौदाचं गार पाणी डोक्यावर ओतत बसले. आई कळशीनं पाणी देत होती. जानवं बदललं, धाबळी टाकून दिली, माळ मात्र त्यांच्या हातून सुटेना. "एवढा जप केला," ते पुनःपुन्हा म्हणत होते, "तो कुठे पोचला असेल?"

आणि वास अजून होताच. तो त्या अजस्र कपाटाच्या पोटातल्या खणातून येत होता. खण फुगून बसला होता. नागोजींनी हिसका दिला तेव्हा तो एकदम बाहेर आला. आत कुठल्या मडमेचे मखमली पडदे होते. अण्णांनी कधीतरी ठेवलेले. त्या पडद्यांत घूस मरून पडली होती, फुगलेली, आणि तिच्याभोवती तिची पिल्लं. त्यांतली सगळी मेलेली नव्हती, की अळ्या वळवळत होत्या म्हणून तसं वाटलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी डोळे मिटले.

नागोजींनी पडद्यांसकट सगळं उचलून वठारामागे पुरलं. अण्णा रिकाम्या खणाकडे बघत होते. त्यांनी बोटानं आतलं लाकूड चाचपलं.

"लाकूड खराब झालेलं नाही," ते म्हणाले. "फिनाईलनं धुतलं की..."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. घुशीकडे तिनं जसं पाहिलं होतं, तसंच. मला वाटतं, आईला त्या दिवशी खरी किळस आली ती या वाक्याची.

"तुम्ही धुवा," ती म्हणाली. "मी या घरात चूल पेटवणार नाही."

तिनं आतून दोन पातेली, तवा, पाचजणांची ताटं, शेगडी आणि अंथरुणं बाहेर काढली. देव काढले. आमची पुस्तकं काढली. पडवीच्या टोकाला गोणपाट बांधलं आणि तिथे आमटी-भात केला. आम्ही पडवीत राहायला लागलो. सामान खोल्यांत आणि माणसं पडवीत.

वठारात चर्चा झाली. "शालनक्काचं डोकं फिरलं," असं प्रेमाक्का मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. पण पडवीत एक गंमत होती. जेवणं झाली की ताटं घासून आई पाच मिनिटांत मोकळी व्हायची. हरवायला काही नव्हतंच, त्यामुळे काही हरवेना. आजोबा कठड्यावर पाय खाली सोडून बसायचे, मांडी घालायची गरजच पडत नव्हती. आई दुपारी माझ्याशी सागरगोटे खेळायची. आईला खेळता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

अण्णा जेवायला बाहेर येत आणि झोपायला आत जात. खोलीभर कपाटं आणि त्यांच्यामधे एक माणूस. आजोबा त्यांच्याशी बोलत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी अण्णा कारखान्यातून आले, आत न जाता पडवीतच बसले आणि आजोबांच्या पायांकडे बघत म्हणाले, "बाबा, तुम्हाला त्यांच्यापुढे उभं राहिलेलं मी लहानपणी पाहिलंय. मी तुमचा डबा घेऊन यायचो. साहेब खुर्चीत आणि तुम्ही उभे. मला वाटायचं, एक दिवस त्या खुर्च्या आपल्या घरात आणीन."

आजोबांनी माळ खाली ठेवली.

"मी उभा राहिलो त्याची मला लाज नव्हती. काम होतं ते. लाज तुला वाटली, म्हणून तू त्यांची घाण वेचून घरात आणलीस." मग ते म्हणाले, "काढून टाक. सगळं."

अण्णा रडले. आईनं त्यांना पाणी दिलं, पण जवळ बसली नाही. तिचा राग इतक्यात ओसरणारा नव्हता.

सामान न्यायला लिलाववाला आला तेव्हा आणखी एक ओंगळ प्रकार झाला. ज्या बायकांनी आमच्या वासानं नाकं मुरडली होती, त्याच अंगणात जमल्या. कुणी कप उचलले, कुणी चमचे. एरवी जिच्या मडीच्या लुगड्याला वाऱ्याचा स्पर्श चालत नव्हता अशा एकीनं संगमरवरी टेबलासाठी दुसरीशी भांडण काढलं. आई पडवीत पाठ फिरवून उभी राहिली. "गिधाडं," ती पुटपुटली. ती खुर्ची तेवढी कुणी घेईना. अण्णांनी कुऱ्हाडीनं फोडली, तर त्या लाकडावर तापलेलं पाणी नको म्हणून आजोबा अडून बसले. लाकडं मागच्या अंगणात कुजत पडली.

खोल्या रिकाम्या झाल्यावर आईनं सोड्यानं फरशी घासली, भिंतींना चुना दिला. मग ती आपल्याच वस्तूंकडे वळली. खाटेखालची ट्रंक उघडली. गोधडीसाठी म्हणून साठवलेली फाटकी लुगडी, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले रिकामे डबे, झाकण नसलेल्या बरण्या. लुगड्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी होती.

"मीसुद्धा तसलीच," ती म्हणाली, आणि ट्रंक अंगणात नेऊन पालथी केली.

त्यानंतर आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला जागा दाखवावी लागायची. जागा नसेल तर वस्तू परत. साठ सालानंतर आम्ही जयनगरात घर बांधलं, नव्या आखलेल्या रस्त्यावर, आजूबाजूला अजून मोकळी मैदानं होती. आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "सामान यायचंय वाटतं अजून?" आई म्हणायची, "नाही, गेलंय." अण्णांना मधूनच ते काचेचं कपाट आठवायचं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. "आठवू दे," आई मला हळूच म्हणायची, "आठवणीला झुरळं होत नाहीत." आजोबा वारले ते त्याच घरात. त्यांचं म्हणून जे काही होतं ते एका पिशवीत मावलं. अण्णांनी ती पिशवी छातीशी धरली होती.

अडुसष्ट साली माझं लग्न ठरलं. स्टीलच्या भांड्यांची तेव्हा लाट होती. आईनं सगळ्यांना बजावून सांगितलं, भांडी आणू नका, जेवायला या. तरीही शहापूरची तिची थोरली बहीण, तानूमावशी, रेल्वेनं भलंमोठं पिंप घेऊन आली. आईनं ते कार्यालयाच्या दारातच अडवलं.

"अक्का, हे परत घेऊन जा."

"बहिणीनं दिलेलं टाकतेस?"

"तुला टाकत नाही. पिंप टाकतेय."

मावशी न जेवता गेली. पुढे दोन वर्षं तिनं आमचं नाव काढलं नाही, माझ्या दिवाळसणाला बोलावणं गेलं तरी ती आली नाही. आई त्या दिवसांत कधी कधी पत्र लिहायला बसायची, आणि मावशीची क्षमा मागायची की तिला समजावून सांगायचं, ते न ठरल्यामुळे उठून जायची. पिंप मात्र तिला कधीच हवंसं वाटलं नाही.