दिनकररावांनी अकरा दिवस पोटात ठेवलेली गोष्ट

दिनकर खांबेटे यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वृंदावन योजनेतल्या आमच्या सेक्टरात सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेकांना ते खुद्द दिनकररावांनीच सांगितलं आहे.

माणूस मूळचा मिरजेचा. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वी लखनौला आला, इथेच निवृत्त झाला आणि इथेच घर बांधून माझा शेजारी झाला. मी एका संशोधन संस्थेत आयुष्यभर शेवाळाकडे बघत बसलो, कोणाला एक अक्षर शिकवलं नाही, तरी ते मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. शेवाळाबद्दलची माझी अप्रकाशित निरीक्षणं आमच्या दूधवाल्याला माहीत आहेत, तीही त्यांच्याच कृपेने.

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा मात्र औषधालाही नाही. कोणाची चहाडी करावी, कोणाला खाली पाडावं, असलं काही त्यांच्या मनात येत नाही. घरी लाडू आले की चार घरी वाटल्याशिवाय काही माणसांना चैन पडत नाही, तसं यांचं बातमीच्या बाबतीत आहे. माझ्या साठीला बायकोने गुपचूप बेत आखला होता. आदल्या संध्याकाळी दिनकरराव दारात उभे. म्हणाले, “प्रोफेसर, उद्या घरीच आहात ना? मी काही सांगत नाही. फक्त दाढी करून ठेवा.”

आमच्या सोसायटीचे सचिव आता नोटीस छापत नाहीत. पाणी दोन दिवस येणार नसलं की दिनकररावांना बाजूला घेतात आणि म्हणतात, “खांबेटेजी, किसी से कहिएगा मत.” तासाभरात बादल्या भरलेल्या असतात. दिनकररावांच्या पत्नी प्रतिमावहिनी तर त्यांना घरातली बातमी एक दिवस शिळी करूनच देतात. “ताजी दिली तर मला स्वतःला कळायच्या आत बाहेर जाते,” असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यावर दिनकररावांचा बचाव एकच. मराठीत सांगितलेलं हे सांगितलेलं धरायचं नाही.

इथल्या आम्हा मराठी माणसांची ही जुनी खोड आहे. घरात निम्मं हिंदी बोलतो. पण बाजारात उभे राहिलो की आम्हाला एकदम शुद्ध मराठी सुचतं. भाजीवाल्यापासून दोन फुटांवर उभं राहून आम्ही बिनदिक्कत बोलतो, “हा कालचा फ्लॉवर पाणी मारून देतोय, पुढे चल.” दिनकररावांची भाची चेतना त्यांना नेहमी सांगते, “मामा, भैया लोग शक्ल देखकर सब समझ जाते हैं.” मामांना ते पटत नाही. लखनौत मराठी म्हणजे त्यांच्या दृष्टीने दार लावलेली खोली. आत बसून काय वाटेल ते बोला.

गोष्ट या चेतनाचीच आहे.

दिनकररावांची धाकटी बहीण कल्पनाताई नवऱ्याच्या मागे मुलीला घेऊन भावाकडे आली, त्याला सहा वर्षं झाली. मायलेकी वरच्या मजल्यावर राहतात. चेतना अमौसीला विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरवर काम करते. हसतमुख मुलगी, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. सातव्या वर्षी तिला गालगुंड झालं आणि डावा कान कायमचा गेला. उजवा शाबूत आहे. काउंटरवर ती डाव्या टोकाची जागा धरते, म्हणजे प्रवासी आणि सहकारी आपोआप उजवीकडे येतात. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्यांनाही पत्ता लागत नाही.

लग्नाच्या वेळी मात्र लागतो. आधीच्या दोन स्थळांना कल्पनाताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. दोन्ही घरांनी ऐकून घेतलं, चहा संपवला, “बताते हैं” म्हणाले आणि आजतागायत बताया नाही. तेव्हा कल्पनाताईंनी ठरवलं की आता साखरपुड्यानंतरच सांगायचं. चेतनाने ठरवलं की असं लपवून आपण कोणाच्या घरात जायचं नाही. “वो बाद में कहेंगे, धोखा दिया. और सही कहेंगे,” असं ती आईला म्हणाली. शेवटी तह झाला. सरोजिनी नगरच्या निगम मंडळींनी आधी येऊन मुलगी बघावी, मग अकरा दिवसांनी रविवारी आपण त्यांच्या घरी जायचं आणि त्या भेटीत आईनेच सांगायचं. तिने नाही सांगितलं, तर चेतना स्थळाला नकार देणार. मुलगा तिला आवडला होता, मधे एकदा दोघं हजरतगंजला फिरूनही आले होते, म्हणून तर तिची झोप उडाली होती.

निगम आले तो बुधवार होता. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले अबोल वडील, गोड बोलणारी आई आणि मुलगा ऋषभ. मी खुर्च्या पुरवण्याच्या निमित्ताने हजर होतो. कल्पनाताई ट्रे घेऊन आल्या आणि भावाला मराठीत, म्हणजे दार लावून, म्हणाल्या, “दादा, सगळ्यांना हिच्या उजवीकडे बसव. डावीकडे कोणी नको.”

दिनकररावांनी सगळ्यांना उजवीकडे बसवलं. मग त्यांचं दार जे लागलं ते उघडेच ना. “मुलगा बरा आहे,” ते बहिणीला म्हणाले. “पोट जरा पुढे आलंय. लग्नानंतर येणारच होतं, आधी आलं इतकंच. वडील बोलत नाहीत. आई बोलू देत नसेल.” निगमबाई मंद हसत चहा पीत होत्या.

पाहुणे गेल्यावर प्रतिमावहिनींनी नवऱ्याला देवासमोर उभं केलं. कानाची गोष्ट कल्पना सांगेपर्यंत बाहेर गेली नाही पाहिजे. शपथ वगैरे घेतली नाही, कारण दिनकररावांनी घेतलेल्या शपथाही बाहेर गेलेल्या आहेत. पण भाचीवर त्यांचा जीव. त्यांनी मान हलवली आणि तोंड मिटलं.

ते अकरा दिवस मी विसरणार नाही. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. बागेतला बाक ओस पडला. लोक हळू आवाजात विचारू लागले, खांबेटेजींची तब्येत बरी आहे ना. समोरच्या घरून काढा आला. सचिवांना पाण्यासाठी छापील नोटीस लावावी लागली आणि ती कोणी वाचली नाही. दिनकरराव तीनदा माझ्याकडे आले. खुर्चीत बसले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, “प्रोफेसर, मला काही सांगायचं नाहीये,” आणि उठून गेले. मला सगळं ठाऊक होतं, पण मला ठाऊक आहे हे त्यांना सांगायला वहिनींनी मनाई केली होती. “एका माणसाजवळ बोलायची मुभा मिळाली, की ते एकावर थांबतील का?”

रविवारी माझी सात जणांची गाडी म्हणून मी सारथी. निघताना वहिनींनी दिनकररावांच्या हातात एक लवंग ठेवली. “तीळ नाही भिजत, लवंग तरी टिकेल. तोंडात धरा. दाताखाली आली की आठवेल गप्प बसायचं ते.” स्वतः त्या गुडघ्यामुळे घरी राहिल्या. मागे चेतना नेहमीप्रमाणे डाव्या खिडकीशी बसली. आईकडे एकदाच बघून म्हणाली, “आज, मम्मी.” कल्पनाताई म्हणाल्या, “हो गं.”

निगमांच्या बैठकीत मात्र चमत्कार झाला. निगमबाईंनी चेतनाला लांब सोफ्याच्या डाव्या टोकाला बसवलं. तिच्या डाव्या अंगाला थेट भिंत. मग ऋषभला, त्याच्या वडिलांना, आम्हाला, सगळ्यांना जातीने तिच्या उजवीकडे ओळीने बसवलं. ऋषभ चुकून पलीकडे स्टूल नेऊ लागला, तर त्याला परत बोलावलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हे आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

गप्पा सुरू झाल्या. थंडीची, धुक्याने अडकलेल्या विमानांची. कल्पनाताई दोनदा खाकरल्या आणि दोनदा थंडीबद्दलच बोलल्या. चेतना आईच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात मातीच्या कुल्हडांतून मक्खन मलाई, म्हणजे घुसळलेल्या दुधाचा थंडीतला गोड फेस, आली. ती वितळायच्या आत खावी लागते, आणि लवंग तोंडात ठेवून ती खाणं हा तिचा अपमान आहे. दिनकररावांनी लवंग काढून बशीत ठेवली. एक चमचा तोंडात गेला आणि अकरा दिवसांचं कुलूप त्याबरोबर विरघळलं.

“कल्पू, नशीब बघ पोरीचं,” ते प्रसन्न चेहऱ्याने मराठीत म्हणाले. “सगळे कसे बरोबर चांगल्या कानाच्या बाजूला बसलेत. डावीकडे नुसती भिंत. तू उगाच घाबरत होतीस. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही हे या घरात कोणाला जन्मात कळायचं नाही.”

निगमबाई रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“काय झालं जी तिच्या डाव्या कानाले?” त्या म्हणाल्या.

दिनकररावांचा चमचा अर्ध्यावर थांबला. त्यांनी बशीतली लवंग उचलून तोंडात टाकली. आता तिचा काही उपयोग नव्हता.

“बाबा नागपूरला रेल्वेत होते,” निगमबाई म्हणाल्या. “बारावीपर्यंत मी अजनीतच शिकली.”

उत्तर चेतनाने दिलं, हिंदीत. “मम्प्स हुआ था, आंटी. सात साल की थी. बायें कान से बिलकुल नहीं सुनाई देता. मम्मी आज बताने ही वाली थीं. और मम्मी नहीं बतातीं, तो मैं ना कहने वाली थी.”

कल्पनाताई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “चूक माझी आहे. दोनदा सांगून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.”

निगमबाई त्यांच्याजवळ बसल्या. “त्या दिवशी तुम्ही म्हणाला, हिच्या उजवीकडे बसवा. मले वाटलं तुमच्याकडची रीत असंल. घरी येऊन यांना सांगितलं, महाराष्ट्रात मुलीच्या डावीकडे बसत नाहीत. म्हणून आज अशी मांडामांड केली.”

“तुम्हाला सगळं समजत होतं,” दिनकरराव लवंगेसकट म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढून बुधवारचं एकेक वाक्य जात असावं.

“पोटाचंही समजलं, यांच्या न बोलण्याचंही समजलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“पहिल्या पाच मिनिटांत सांगायला पाहिजे होतं. तेवढ्यात तुम्ही पोटावर आले. मग कोणत्या तोंडानं सांगू? जितका उशीर झाला, तितकं सांगणं अवघड झालं.” मग कल्पनाताईंकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “तुमचंही तसंच झालं असंल.”

या सगळ्यात ऋषभकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो काहीतरी आठवत होता. “उस दिन हज़रतगंज में,” तो चेतनाला म्हणाला, “मैं तुम्हारे किस तरफ़ चल रहा था?”

“बायें. सड़क उधर थी, तुम हटे ही नहीं.”

“तो मैंने जो बताया, तुमने कुछ नहीं सुना?”

“क्या बताया?”

ऋषभने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. “कि मैं सिविल सर्विस में तीन बार फ़ेल हुआ हूँ. तुमने बस मुस्कुराकर ‘अच्छा’ कहा था. मैंने घर आकर कहा, मम्मी, इतने बड़े दिल की लड़की नहीं मिलेगी.”

“तीन बार?” चेतना म्हणाली.

“तीन बार.”

ती क्षणभर गंभीर राहिली आणि मग हसायला लागली. “अच्छा,” ती म्हणाली. “इस बार सुनकर कह रही हूँ.”

तेव्हा निगमसाहेब, जे दोन्ही भेटींत मिळून चार शब्द बोलले होते, ते घसा साफ करून म्हणाले, “शादी के बाद पत्नी पति के बायें बैठती है.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“यानी पति उसके दायें,” ते म्हणाले. “शास्त्रों ने इंतज़ाम पहले ही कर रखा है.” आणि पुन्हा मलाईकडे वळले.

निगमबाईंनी चेतनाच्या हातावर हात ठेवला. “रविवार चांगला आहे. साखरपुड्याची तारीख आजच काढू.”

कल्पनाताई रडल्या, हसल्या आणि त्यांनी स्वतःची मलाई खाल्ली. ती तोवर दूध झाली होती. दिनकररावांनी निगमबाईंची माफी मागितली. पोटाबद्दल वेगळी मागितली. त्या म्हणाल्या, “ते मात्र खरंच आहे, खांबेटेसाहेब. त्याचं काही वाटून घेऊ नका.”

परत येताना कानपूर रोडवर धुकं विरळ झालं होतं. कल्पनाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी बहुतेक अकरा दिवसांनी पाठ सीटला टेकवली. मागे चेतनाने मामांना डाव्या खिडकीशी सरकवलं आणि स्वतः उजवीकडे बसली. तिला तिथे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिने शाल गुंडाळली, शाबूत कान खिडकीच्या काचेला टेकवला आणि डोळे मिटले. अमौसी यायच्या आत तिला गाढ झोप लागली.

दिनकररावांनी लवंग खिडकीतून बाहेर टाकली होती. भाचीच्या डाव्या कानाशी बसून ते अकरा दिवसांचं सगळं, अगदी पहिल्यापासून, सांगत होते. घर येईपर्यंत तिची झोप मोडली नाही.