खोटी चाललेली शीव

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी बोरपाडा नावाची चाळीस घरांची वस्ती होती. तिथली सोनूबाई म्युनिसिपालटीच्या शाळेत आया होती. घंटा द्यायची, माठ भरायचे, पोरांची नाकं पुसायची आणि वेळ आली तर हेडमास्तरांनाही दोन शब्द सुनवायचे, अशी तिची नोकरी. वीस वर्षांत तिची घंटा कधी चुकली नव्हती. ती चुकली १९६७ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी. मधल्या सुट्टीची वेळ टळून गेली तरी टोला पडेना, म्हणून शिक्षक बाहेर येऊन बघतात तो सोनूबाई हातोडी मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली. बोरपाडा राहणार की उठणार, हे आता तिच्या मेलेल्या बापाच्या शब्दावर ठरणार आहे, असं तिच्या मुलानं, भीमराजनं, सकाळीच तिला सांगितलं होतं.

हे समजायचं तर खोतांपासून सुरुवात करायला हवी. वस्तीशेजारून एक ओहोळ वाहायचा. ओहोळाच्या अलीकडची सगळी जमीन खोतांची. कशी? तर कंपनी सरकारनं सनद दिली. कशाबद्दल दिली, ते मात्र काळ बघून बदलत गेलं. इंग्रजांचं राज्य होतं तोवर खोतांचे पणजोबा सरकारशी एकनिष्ठ होते. प्लेगानंतर लोक देवधर्माला लागले, तेव्हा देवीनं स्वप्नात येऊन पणजोबांना जमीन दाखवल्याचं निघालं. स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभरातच कळलं, की पणजोबांनी बंडवाल्यांना भाताच्या कणगीत लपवलं होतं. जमीन तीच, पणजोबाही तेच. गोष्ट तेवढी दर पिढीला नवी शिवून यायची. बळी तो कान पिळी हे जगाला ठाऊकच आहे, पण पिळणाऱ्याला वर आपलं बरोबर आहे असंही कुणीतरी म्हणावं लागतं.

ओहोळाच्या पलीकडच्या बोरपाड्यासाठी मात्र त्यांच्याकडे सनद नव्हती. तिथं त्यांच्याकडे होता धोंडिराम, म्हणजे सोनूबाईचा बाप.

धोंडिराम गावचा महार. छप्पनच्या धर्मांतराआधीची ही गोष्ट, तेव्हा गावकीची कामं या लोकांच्या गळ्यात होती. गावानं त्यांना सावलीला उभं केलं नाही, पण एक गोष्ट त्यांच्यावाचून अडायची. शिवेचा तंटा पडला की गावाची हद्द महारानंच दाखवायची. आंघोळ करून, ओल्या धोतरानं, डोक्यावर मातीचं ढेकूळ आणि हातात काठी घेऊन तो शीव चालायचा. तो जिथून चालला ती हद्द, मग समोर पाटील असो नाहीतर मामलेदार. आणि खोटा चालला तर त्याचा वंश बुडतो, अशी साऱ्या मुलखाची पक्की समजूत.

१९२१ साली बोरपाडा खोतांच्या गावात मोडतो की नाही यावरून तंटा पडला आणि धोंडिराम चालला. ओहोळापाशी आला, ओहोळ ओलांडला, बोरपाड्याला वळसा घालून डोंगराच्या पायथ्याशी गेला आणि तिथून परतला. मामलेदारानं पंचनामा केला, धोंडिरामचा अंगठा घेतला, आणि त्या घटकेपासून बोरपाडा खोतांच्या जागेत आला. मग काय, राहता आमच्या जागेत तर वेठीला या. पेरणीला घरटी एक माणूस, लग्नाकार्याला लाकूडफाटा, मेलेलं ढोर ओढायला बोलावणं. कुणी कुरकुरलंच तर खोत शांतपणे म्हणायचे, आम्ही का जबरदस्ती केली? तुमच्याच माणसानं माती डोक्यावर घेऊन शीव दाखवली. वर दर दसऱ्याला धोंडिरामला शेला देऊन चारचौघांत सांगायचे, असा खरा माणूस पंचक्रोशीत नाही. आवळा देऊन कोहळा काढावा तर खोतांनी.

आता १९६७ मध्ये खोतांचा नातू मनोहर याला ती जागा सोसायट्या बांधायला द्यायची होती. सिटी सर्व्हेचे चौकशी अधिकारी जमिनींच्या हद्दी कायम करत फिरत होते. शाळेच्या व्हरांड्यातच त्यांची बैठक व्हायची होती, आणि मनोहर खोतानं तो जुना पंचनामा पुढं केला होता. भीमराज मुलुंडच्याच एका कारखान्यात टर्नर होता आणि पाड्याच्या वतीनं तोच बोलायचा. पंचनामा वाचून तो आईला म्हणाला होता, आजोबा खोटं बोलणारे नव्हते हे खोतसुद्धा मान्य करतात, तिथंच आपली वाट लागली. माती नि वंश ही अंधश्रद्धा होती, तिच्यावर हद्द ठरत नाही, एवढंच आता भांडता येईल.

पण सोनूबाईला जे माहीत होतं ते जिवंत माणसांत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

चालण्याच्या आदल्या दिवशी खोतांच्या माणसांनी तिच्या थोरल्या भावाला, लिंबाला, भात चोरल्याचा आळ घेऊन धरून नेलं होतं. चौदा वर्षांचा लिंबा खोतांच्या वखारीत खांबाला बांधलेला होता. नऊ वर्षांची सोनू भाकरी घेऊन गेली, तर तिला दारातून हाकललं. बापाला निरोप आला, नीट चाललास तर पोरगा घरी येईल, नाहीतर पोलिसात जाईल. दुसऱ्या दिवशी सोनू बापामागं पाण्याचा तांब्या घेऊन चालत होती. ओहोळापाशी बाप थांबला. हीच आपली शीव, असं त्यानं तिला कितीदा तरी तिथंच उभं करून सांगितलं होतं. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं आणि पाण्यात पाय घातला.

लिंबा त्या दिवशी घरी आला खरा, पण तीन वर्षांनी तापानं गेला. बापाला दुसरा मुलगा नव्हता. ताप साऱ्या गावात होता, दहाजण गेले होते, पण धोंडिरामच्या मनानं एकच घेतलं की पोराला शिवेनं नेलं. मरताना सोनूचा हात धरून तो म्हणाला, कुणाला सांगू नको, पाड्याला कळलं तर मला माती द्यायला कुणी यायचं नाही. तिनं सांगितलं नाही. बापाला माती द्यायला सारा पाडा आला, खोतही आले, आणि खरा माणूस गेला असं म्हणाले. सोनूबाईला त्या शब्दाची तेव्हाही चीड आली होती आणि पुढंही यायची.

आता एकीकडे चाळीस घरं होती आणि दुसरीकडे बापाचं नाव. बापाचं नाव म्हणजे तरी काय, गरिबाच्या घरात दुसरं असतं काय?

बैठकीच्या दिवशी व्हरांड्यात टेबल तिनंच लावलं, पाण्याचे ग्लासही तिनंच ठेवले. साहेब पाणी प्यायले. मनोहर खोतानं ग्लासाला हात लावला नाही. पाड्यातली माणसं अंगणात उन्हात बसली होती. भीमराज तयारीनं बोलला, चांगलं बोलला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्या काळी ही रीत पुरावा म्हणून धरत असत. ती आज पटत नाही म्हणून पंचनामा खोटा ठरत नाही. त्या दिवशी हजर असलेलं कुणी वेगळं सांगत असेल तर गोष्ट निराळी.

"मी होते," सोनूबाई म्हणाली.

ती खांबाशी उभी होती. साहेबांनी तिला पुढं बोलावलं आणि काय सांगायचं ते सांगा म्हणाले.

"शीव ओहोळावर संपते. माझा बाप त्या दिवशी खोटा चालला."

अंगणात चुळबुळ झाली. भीमराज हलक्या आवाजात म्हणाला, "आई, गप बस ना." त्याला वाटलं, घरं वाचवायला आई आजोबांचा बळी देतेय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पाहिलंही. मनोहर खोत हसून साहेबांना म्हणाला, आजवर यांचा बाप हरिश्चंद्र होता, आज जागा हवी तर लबाड झाला. मग तिच्याकडे वळला. "सोने, बापाचं नाव मातीत घालताना काही वाटतं का गं तुला?"

"वाटतं," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं वाटलं, म्हणून तर गप्प होते."

मग तिनं सांगितलं. वखार सांगितली, खांब सांगितला, लिंबाच्या मनगटावरचे दोराचे वळ सांगितले, दारातून परत आलेली भाकरी सांगितली. सांगताना ती रडली नाही. मनोहर खोताचं हसू मध्येच कुठंतरी थांबलं. अंगणात पाड्यातले दोन म्हातारे होते. त्यांतला एकजण उठून म्हणाला, लिंबाच्या हातावर वळ होते, मी पाहिले होते, तेव्हा आम्हाला चोरीचा मार म्हणून सांगितलं होतं.

साहेबांनी जबानी लिहून काढली आणि वाचून दाखवली. सोनूबाई, वय पंचावन्न, समक्ष सांगते की, सन १९२१ साली तिचे वडील धोंडिराम यांनी ओहोळ ही खरी हद्द माहीत असून डोंगरापर्यंत खोटी हद्द दाखवली. मग त्यांनी सहीसाठी कागद पुढं सरकवला.

सोनूबाईनं टाक घेतला नाही.

"लिंबाला बांधलं होतं ते कुठाय यात?"

साहेब म्हणाले, बाई, चौकशी हद्दीची आहे. हद्द ओहोळावर होती, एवढं आलं म्हणजे तुमचं काम झालं. बाकीचं यात बसत नाही. भीमराजही आता तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, सही कर आई, आपलं होतंय.

"ते लिहिल्याशिवाय मी सही करायची नाही."

"पण ते लिहून हद्दीत काय फरक पडणार आहे?" साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"हद्दीत नाही पडणार साहेब. बापात पडेल."

भीमराजनं आईकडे बघितलं. मग त्यानंच कागद साहेबांकडे परत सरकवला आणि म्हणाला, लिहा साहेब, नाहीतर पाड्यातलं कुणीच सही करणार नाही.

साहेबांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग मुलाचं नाव काय, वय काय, किती दिवस बांधला होता, असं एकेक विचारत त्यांनी खाली चार ओळी लिहिल्या. सोनूबाईनं त्या त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतल्या. मग पदरानं हात पुसून, शाळेतच शिकलेल्या अक्षरांत, तिनं सावकाश सही केली: सोनू धोंडिराम.