घोडा, पूल आणि अडकलेला अंगठा

ऑफिसात तिला सगळे कप्तान म्हणायचे. कॉलेजात ती व्हॉलीबॉलच्या संघाची कप्तान होती आणि आवाज अजूनही मैदानावरचाच होता. आम्हा दोघींचं काम एकच. बाजारात येण्याआधी व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे बुवा यांची! एकाच पुलावरून एकच घोडा दिवसभर उडवत बसा, म्हणजे कळेल.

हा घोडा उडी मारून खाली आला की कधीतरी पुलाच्या फळ्यांतून आरपार जायचा आणि गायब व्हायचा. पण कधीतरीच. प्रोग्रामर म्हणाला, "माझ्याकडे तर होत नाही. रेकॉर्ड करून दाखवा."

झालं, कप्तान इरेला पेटली. उजव्या अंगठ्याने हातातल्या कंट्रोलरवरचं उडीचं बटण नुसती बडवत सुटली. मधेच हात झटकायची, बोटं दाबायची, की पुन्हा घोडा पुलावर. एका सकाळी अंगठा वाकला तो वाकलाच. तिने डाव्या हाताने ओढून तो सरळ केला, तेव्हा टक् असा आवाज शेजारी बसलेल्या मला ऐकू आला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगठा वाकवून पाहिला. "याच्या आतली दोरी ज्या नळीतून सरकते, ती सुजलीय. काम काय करता?"

"गेम खेळते."

डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आणि त्याचा पगार मिळतो?"

त्यांनी इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि बटणांना हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. पण गेम सोमवारी बाहेर जाणार होता. तो घोडा कप्तानला जसा माहीत होता तसा दुसऱ्या कुणालाच नव्हता. शेवटी साहेबांनी गेमचं यंत्र तिच्या घरी न्यायची परवानगी दिली. खेळायचं मी, सांगायचं तिने.

घरी तिचा नवरा भांडी पुसत होता. पट्टी पाहून त्याला हसू आवरेना. "मैदानात एवढ्या उड्या मारल्यास, साधा ओरखडा नाही. आणि खुर्चीत बसून जायबंदी!"

"हसू नकोस," सोफ्यावरून सासूबाई कडाडल्या. त्या कचेरीत टायपिस्ट होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. "माझी बोटं आखडायची तेव्हा आमचे साहेबही असेच हसायचे. बसून कुठे दुखतं का म्हणे! वेणी घालताना हात थरथरायचा माझा."

नवऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं. हे त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं.

मी खेळायला बसले, पण काही केल्या जमेना. माझा हात पडतो सावकाश. सासूबाई बराच वेळ चुळबुळत होत्या. मग म्हणाल्या, "आण गं पोरी इकडे. उडीचं बटण कुठलं?"

पहिल्यांदा घोडा झाडावर आदळला. मग नदीत गेला. "अगं, हा मागे मागे का जातोय?"

"आई, तुम्ही कंट्रोलर उलटा धरलाय!"

"मग आधी नाही का सांगायचं? आता तू फक्त ठेका धर, बाकी माझी बोटं बघतील."

कप्तान उभीच राहिली. "डावीकडे! उडी, उडी, थांबा, उडी!" सासूबाईंची बोटं अशी धावू लागली की मी बघतच राहिले. पुन्हा पूल, पुन्हा उडी. "आई, जोरात! उडी, उडी, थांबा, उडी!" आणि घोडा गेला! आधी पाय, मग पाठ, फळ्यांवर नुसती शेपटी हलत राहिली आणि मग तीही नाही. आम्ही तिघी एकदम किंचाळलो. ओलं फडकं घेऊन नवरा धावत आला. मी पडद्याकडे झेपावले. रेकॉर्डिंग चालू होतं ना? कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता. चालू होतं!

"मेला का गं तो?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही हो आई, सापडला!" कप्तानने त्यांना एका हाताने घट्ट मिठी मारली.

प्रोग्रामरने रविवारीच चूक दुरुस्त केली. अंगठ्याचं मात्र इंजेक्शनवर भागलं नाही, छोटं ऑपरेशन ठरलं. रजेचा अर्ज पाहून साहेब म्हणाले, "खेळताना झालेली इजा कामावरची कशी?"

"मग पगार कसला देता?" कप्तानने विचारलं. रजा मिळाली, ऑपरेशनचा खर्च मिळाला, आणि तासातासाला हात मोकळे करायची सुट्टी आम्हा सगळ्यांनाच मिळाली.

ऑपरेशनच्या वेळी फक्त हात बधिर केला होता. डॉक्टर म्हणाले, "आता अंगठा हलवून दाखवा." तिने वाकवला, सरळ केला. कुठेही अडकला नाही! "झाला! सरळ झाला!" तिची आरोळी बाहेर बाकावर बसलेल्या आम्हा तिघांना ऐकू आली. सासूबाई टाळ्या वाजवू लागल्या, तशी नर्सने डोळे वटारले.

आता ती परत कामावर आली आहे. सकाळी अंगठा जरा जड असतो म्हणते. नव्या गेममध्ये विमान आहे आणि ते ढगात शिरलं की उलटं होतं, असा तिला दाट संशय आहे. हे लिहितेय तोवर तिने माझी खुर्ची खेचली. "अगं, बघ, बघ, बघ!"