पोटावर न टेकलेले हात

आमच्या थोरल्या जाऊबाई दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात सिस्टर आहेत. अंगाने मजबूत, तोंडाने फटकळ. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. बाई थकली, बाळ अडलं, की त्या स्टुलावर चढायच्या, दोन्ही तळवे पोटाच्या वरच्या टोकाला टेकवायच्या आणि अंगाचा भार टाकायच्या. माझी लेक तशीच झाली. पुढे कितीतरी दिवस मला कुशीवर वळता येत नव्हतं, पण तक्रार कशाची करणार? लेक मांडीवर होती.

मग तिथे नवी डॉक्टरीण आली. म्हणाली, पोट दाबायचं नाही. त्याने बाळ लवकर येतं असं अभ्यासात दिसलेलं नाही, इजा मात्र होऊ शकते. जाऊबाई घरी भांडी आपटत होत्या. "कालची पोर मला शिकवते."

पण डॉक्टरीणही चिवट. तिने शिकवताना एकेका सिस्टरला टेबलावर निजवलं आणि दुसरीला सांगितलं, रोज दाबता तसं दाबा. जाऊबाईंवर भार टाकायला आली ती त्यांनीच तयार केलेली धाकटी सिस्टर. उठल्या त्या बरगड्या धरूनच. त्या दिवशी जेवणावरही मन नव्हतं. तेव्हापासून त्यांनी कुणाचं पोट दाबलेलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्याच लेकीच्या बाळंतपणाची वेळ आली तेव्हा माझा जीव त्यांच्या हातांतच अडकला होता.

हल्ली घरच्या एका बाईला आत थांबू देतात, म्हणून मी लेकीजवळ होते. जाऊबाई तिला म्हणाल्या, "उताणी पडून राहू नको. कुशीवर हो, नाहीतर उकिडवी बस. तुला बरं वाटेल तसं."

"काकू, मला नाही जमणार."

"इतका वेळ मग कोण करतंय, मी?"

लेक हसली आणि लगेच कळवळली. जाऊबाई यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकत होत्या. कळ आली की टकटक मंदावायची. कळ ओसरली की पुन्हा पूर्वीसारखी चालायची.

शेवटी मला राहवलं नाही. "जाऊबाई, दाबा ना. माझ्या वेळी दाबलंत, मग आपल्याच पोरीला का नाही?"

"ठोके परत येतायत ना? बाळ खाली सरकतंय. नाहीच परत आले तर ऑपरेशन करतील. तू तिची कंबर चोळ."

पुढच्या कळीला ठोके परत यायला वेळ लागला. जाऊबाईंनी डॉक्टरणीला हाक मारली. तिने तपासलं, कान देऊन ऐकलं. "थोडं थांबू. मी इथेच आहे."

लेकीने माझा हात सोडून जाऊबाईंचा पदर धरला. "काकू, तुम्हीच दाबा. माझ्यात आता काही उरलं नाही."

जाऊबाईंचे दोन्ही हात वर गेले. मी पाहिलं. तळवे उघडलेले, पोटापासून वीतभर अंतरावर. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण त्याच्याकडे मागू काय ते कळेना. हात खाली यावेत की येऊ नयेत?

ते आलेच नाहीत. त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली. "हं, पोरी. तुझं तू."

मग डोकं दिसलं, खांदा आला आणि बाळ रडलं. नातू. डॉक्टरणीने त्याला तसाच आईच्या छातीवर पालथा ठेवला.

"नाळ कापा की," मी म्हटलं.

"धीर धर गं. अजून रक्त जातंय त्याच्याकडे," जाऊबाई म्हणाल्या.

लेकीला टाका घालावा लागला, एक लहानसा. ती पाणी मागत होती, म्हणजे ठीक होती.

नंतर जाऊबाई बेसिनपाशी हात धूत होत्या. धुऊन झाले तरी नळ बंद करेनात. मी जवळ गेले.

"माझे हात वर गेले होते, पाहिलंस?"

"पाहिलं."

"त्या पोरीला सांगू नकोस हं," डॉक्टरणीकडे मान करत त्या म्हणाल्या, "नाहीतर परत मला टेबलावर निजवेल."

मी नळ बंद केला आणि त्यांचे हात माझ्या पदराला पुसले.