दिवेलागणीला बुडणारा आवाज

बोरी गावात वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागल्यापासून सगळी दुरुस्ती मीच करत होते, पण पडद्यामागे बसून. गिऱ्हाईक सेट वडिलांच्या हातात द्यायचं आणि त्यांच्याच हातून घ्यायचं. पोरीनं रेडिओ उघडला हे कळलं तर दुकान बसेल, अशी त्यांना धास्ती. मी हे मुकाट सोसलं असं मुळीच नाही, रोज भांडायचे.

शेवटी बिंग फुटलंच. मेंढ्या राखणारे एक मामा होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत संध्याकाळच्या बातम्या ते चुकवत नसत. त्यांचा सेट तीनदा परत आला. दुपारी औरंगाबाद केंद्र नीट लागे. दिवेलागणीला आवाज बुडे, वर येई, पुन्हा बुडे. तिसऱ्या खेपेला त्यांनी पडदा सारला आणि मला पाहिलं.

"पोरीचा हात लागलाय, म्हणून असं व्हायलंय," ते म्हणाले. वडिलांनी पडदा पुन्हा ओढून घेतला. ते मला जास्त लागलं.

खरं तर मीही स्वतःवर शंका घेऊन त्या सेटमधला कंडेन्सर, एक चांगला चालता भाग, काढून फेकला होता. आमची रीतच चुकीची. सेट दुपारी तपासायचा, दुपारीच द्यायचा. त्या दिवशी मात्र मी दिवेलागणीपर्यंत रेडिओ लावून बसले, आणि बारावीच्या मास्तरांनी सांगितलेलं आठवलं. वर आभाळात विजेनं भारलेल्या वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, थर असतो. दिवसा त्याचा खालचा भाग रेडिओची लाट गिळतो; दिवस मावळला की तो भाग विरतो आणि थर वर सरकतो. त्याच्यावरून परतणारी रेडिओच्या लाटेची कंपनं किंचित मंदावतात, पूर्णा स्टेशनातून सुटलेल्या गाडीची शिट्टी लांब जाताना जाड होते तशी. मग जमिनीवरून आलेल्या लाटेशी तिचं घडीत जुळतं, घडीत बिनसतं, आणि बिनसलं की आवाज बुडतो.

मामांना निरोप धाडला, की आमच्या दुकानाचं तोंडही न पाहिलेला एक रेडिओ घेऊन दिवेलागणीला या. ते भाच्याचा घेऊन आले, सोबत दहा-बारा बघे. दोन्ही सेट शेजारी ठेवून एकच स्टेशन लावलं. दोन्ही खणखणीत बोलत होते, बुडायचं नाव नाही. कोणीतरी हसलं.

मग दोन्ही आवाज एकदमच बुडाले. एकदमच वर आले. पुन्हा बुडाले.

मामा दोन्ही सेटांवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. "म्हंजे आभाळच हलायलंय," ते म्हणाले. मी गाडीच्या शिट्टीचं सांगितलं. ते त्यांना लगेच पटलं, मेंढरं विकायला ते पूर्णेला जात. मला तर नाचावंसं वाटत होतं.

जाताना वडिलांनी सवयीनं हात पुढे केला. मामांनी भाच्याचा रेडिओ त्या हातावरून पुढे नेला आणि माझ्यापुढे ठेवला.

"याचं बटन ढिलं हाय. तूच बघ, माय."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतःच पडदा काढला.