टिपणबाईंची साक्ष

त्या मोठ्या लाँड्रीत टिपणबाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे धुऊन निघत. कामाला माणसं दोनशे. त्यांच्यात कुणाचं बिनसलं, काही चोरीला गेलं, कुणी साहेबाला उलट बोललं, की चौकशी बसे. आणि चौकशी बसली की कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन टिपणबाई बसत. अशी एकतीस वर्षं गेली. त्यांची लघुलिपी दुसऱ्या कुणाच्या बापाला वाचता येत नसे, पण त्यांनी टाइप करून दिलेल्या कागदावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. "जपून शिंका रे, टिपणबाई लिहितील," असं धुलाईखात्यातले लोक म्हणत. स्वतः बाई मात्र त्या खोलीत कधी तोंडातून ब्र काढत नसत. ऐकायचं, उतरवायचं, उठायचं. त्यामुळेच दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर सारखाच विश्वास होता.

त्या वर्षी इस्त्रीखात्यात अपघात झाला. तिथे दोन माणसं आडवी मावतील एवढा लांब तापलेला रोलर होता. ओली चादर पुढून सरकवायची, मागून ती कडक होऊन बाहेर यायची. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असे. हात चुकून पुढे गेला, दांडीला लागला, की यंत्र जागच्या जागी थांबावं म्हणून. पण त्या दिवशी ते थांबलं नाही. चादरी सरकवणारी रोलरवाली, तिशीची बाई, तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मुकादमाचं म्हणणं, काम भराभर उरकावं म्हणून दांडी तिनंच चिंधीनं बांधून ठेवली होती. तिचं म्हणणं, तिनं दांडीला हातही लावला नव्हता. चौकशी बसली. ती चालवून निकाल द्यायला बाहेरून एक म्हातारे वकील बोलावले गेले.

व्यवस्थापक नवे होते, उत्साही होते. त्यांनी टिपणबाईंना बोलावलं आणि टेबलावर एक छोटं काळं यंत्र ठेवलं. मुठीत मावेल एवढं, वर जाळीच्या आड दोन माइक, झुरळाच्या मिशांसारखे फाकलेले.

"बाई, आता वही-पेन्सिल बंद. हा रेकॉर्डर. सगळं यात जाईल, तुम्ही नंतर निवांत ऐकून टाइप करा. आजकाल असंच चालतं."

"वहीही घेते सोबत."

"दोन-दोन नोंदी नकोत. एकीत एक, दुसरीत दुसरं, मग वकील भांडत बसतात. यंत्र म्हणजे यंत्र."

बाईंनी ते रुमालात गुंडाळून घरी नेलं. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई गुडघ्यांनी अधू, पण जिभेनं धडधाकट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माहितीपुस्तिका पसरून दोघी बसल्या. पेन्सिल सेल उलटे बसले, मग सुलटे बसले. नखाएवढं कार्ड खाचेत सरकवताना ताईंनी श्वास रोखून धरला. तारीख-वेळ लावली. माइक किती तिखट ठेवायचा ते पाहायला बाईंनी यंत्र भिंतीशी ठेवलं आणि ताईंना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बोलायला सांगितलं. पडद्यावरच्या पट्ट्या नाचू लागल्या. फार नाचल्या की आवाज फाटतो, असं पुस्तिकेत होतं. बाईंनी एक पायरी खाली आणलं. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा वाचली: लाल बटण एकदा दाबलं की यंत्र नुसतं तयार राहतं, दिवा लुकलुकतो, पुन्हा दाबलं की दिवा स्थिर होतो, आकडे पळू लागतात, आणि ध्वनिमुद्रण तेव्हा सुरू होतं.

मग त्यांनी मुद्रण लावून ऐकवलं. ताई तोंडाचा आ करून ऐकत राहिल्या.

"हा माझा आवाज? अगं, मी एवढी कजाग वाटते?"

"वाटतेस म्हणजे काय," बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी मुकादमाची साक्ष झाली. यंत्र बाईंच्या हाताशीच होतं, पडदा त्यांच्याकडे. बटण दोनदा दाबलं, आकडे पळाले, सगळं बिनबोभाट पार पडलं. जेवणाच्या सुट्टीनंतर रोलरच्या मागच्या तोंडाला चादरी घडी करणारी घडीवाली साक्षीला आली. ती बारीक आवाजात बोले, म्हणून व्यवस्थापकांनी यंत्र उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिच्यासमोर ठेवायला लावलं. "चला, चला बाई, आधीच उशीर झालाय." बाईंनी वाकून बटण दाबलं, लाल दिवा दिसला, इयरफोनची लांब वायर ओढून घेत त्या आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. पडदा आता घडीवालीकडे होता. इथून नुसता दिवा दिसत होता, लुकलुकणारा. आणि कानात घडीवालीचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. शंका यायला जागाच नव्हती.

हात रिकामे असताना साक्ष ऐकायची बाईंची ती पहिलीच वेळ. एरवी शब्द कानातून थेट बोटांत उतरत, माणसाकडे बघायला सवड नसे. आज त्या बघत होत्या. घडीवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि मांडीवर हातांनी नसलेल्या कापडाच्या घड्या घालत बोलत होती.

"दांडी तीन आठवड्यांपासून बांधलेलीच होती साहेब. जरा कापड लागलं तरी यंत्र थांबायचं. मुकादम वैतागले. त्यांनी स्वतः बांधली. निळ्या काठाचा टॉवेल फाडून. मी दोनदा म्हटलं त्यांना, कुणाचा हात जाईल. तर म्हणाले, तुझं काम घडीचं, तू घडी कर."

"तुम्ही स्वतः पाहिलंत बांधताना?" वकिलांनी विचारलं.

"टॉवेलाचं दुसरं टोक मीच धरलं होतं साहेब."

हे सांगताना तिचे हात थांबले. पुढच्या बाकावर पट्टी बांधलेला हात छातीशी धरून रोलरवाली बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले. साक्ष पाऊण तास चालली. मुकादम सुट्टीनंतर खोलीत नव्हता, पण व्यवस्थापक होते, आणि त्यांचं पेन केव्हाच बंद होऊन खिशात गेलं होतं.

सगळे उठल्यावर बाई यंत्र आणायला गेल्या. पडद्यावर शून्यांची रांग होती. दिवा अजून लुकलुकत होता.

बाईंनी मागची यादी पाहिली. सकाळची एक फाइल. दुसरी नाही. आपण बटण एकदाच दाबलं, हे आता त्यांच्या हातालाच आठवलं. पाऊण तास यंत्र नुसतं ऐकत होतं, त्यांच्यासारखंच. चूक लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही. कार्ड खराब निघालं म्हणता आलं असतं. पण त्या सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या आणि जे झालं ते सांगितलं.

व्यवस्थापक रागावले नाहीत. बाईंना त्याचीच भीती वाटली.

"अहो, होतं असं. नवीन यंत्र आहे. आपण सारांश लिहू. घ्या, मी सांगतो. 'दांडी कुणी बांधली, याबद्दल साक्षीदारास निश्चित सांगता आले नाही.'"

"असं नाही म्हणाली ती."

"मुद्रण आहे?"

"नाही."

"तुमच्या वहीत आहे?"

"वही तुम्हीच नको म्हणालात."

"मग झालं तर."

बाई टाइप करायला बसल्या नाहीत. त्या वकिलांना गाठायला फाटकापर्यंत अक्षरशः धावत गेल्या. म्हाताऱ्या वकिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "ऐकलं मीही आहे बाई, पण माझ्या आठवणीवर निकाल लिहिता येत नाही. तिला परत बोलवू. चार दिवसांनी."

त्या संध्याकाळी बाईंनी जुनी वही काढली आणि घडीवालीचा शब्दन् शब्द आठवून लघुलिपीत उतरवला. अकरा पानं झाली. ताई शेजारी बसून होत्या. "एवढं आठवतंय तर जीव का टांगणीला लावून घेतेस?" बाई म्हणाल्या, "आठवणं आणि टिपणं यात फरक आहे ताई. आठवलेलं माझं असतं."

दुसऱ्या दिवशी त्या कपडे बदलण्याच्या खोलीत घडीवालीला भेटल्या, चूक कबूल केली, माफी मागितली. घडीवाली कपाटाच्या दाराला धरून उभी राहिली.

"परत सांगायचं? सगळ्यांसमोर?"

"फक्त एकदाच. या वेळी मी यंत्र हातात धरून बसेन."

"बाई, ते एकदा सांगायला मी आठ दिवस छाती घट्ट करत होते." एवढं बोलून तिनं कपाट लावलं.

चार दिवस पुष्कळ असतात. घडीवालीचा नवरा लाँड्रीचीच गाडी चालवायचा, चादरी पोचवायचा. त्या चार दिवसांत त्याला दोनदा व्यवस्थापकांनी खोलीत बोलावलं, हे सगळ्यांनी पाहिलं. काय बोलणं झालं, ते कुणी ऐकलं नाही.

पुन्हा चौकशी बसली. बाईंनी बटण दोनदा दाबलं, दिवा स्थिर झाला, आकडे पळू लागले. घडीवाली या वेळी खुर्चीत मागे टेकून बसली होती, हात दंडाखाली दाबून.

"दांडी कुणी बांधली?"

"मला नीट आठवत नाही साहेब."

"मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतंत."

"तेव्हा मी घाबरले होते. काहीतरी बोलून गेले असेन."

मुद्रण स्वच्छ होत होतं. रोलरवालीच्या तोंडून निघालेला हुंदकासुद्धा इयरफोनमध्ये आला. बाईंनी घडीवालीकडे पाहिलं. घडीवाली जमिनीकडे बघत होती. एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते बाईंनी केलं. इयरफोन काढले आणि उभ्या राहिल्या.

"साहेब, ती मागच्या वेळी काय म्हणाली, ते मला सांगायचंय."

"बसा बाई!" व्यवस्थापक ओरडले. "तुम्ही लेखनिक आहात."

वकिलांनी हात वर केला. "बोलता येईल. पण मग तुम्ही साक्षीदार झालात. या चौकशीत पुन्हा लिहायला बसता येणार नाही. कदाचित पुढच्याही. विचार करा."

"केलाय."

"हे यंत्र मग कोण चालवणार?"

"तुम्हीच घ्या जवळ. चालू आहे, फक्त आकडे पळतायत ना ते बघत राहा."

बाई साक्षीदाराच्या खुर्चीत बसल्या. घडीवाली उठून भिंतीशी उभी राहिली होती. बाईंनी वही उघडली आणि अकरा पानं वाचली. मुकादमाचं नाव, निळा काठ, टॉवेलाचं धरलेलं टोक, सगळं. एक शब्द गाळला नाही.

निकाल महिन्यानं आला. दांडी रोलरवालीनं बांधली हे सिद्ध होत नाही, म्हणून तिची नोकरी राहिली आणि बोटांची भरपाई तिला मिळाली. मुकादमानं बांधली हेही सिद्ध होत नाही, म्हणून मुकादमही राहिला. लेखनिकेची साक्ष प्रामाणिक वाटते, परंतु ती आठवणीवर आधारलेली असून मूळ मुद्रण तिच्याच हयगयीनं झालेलं नाही, असं वकिलांनी लिहिलं होतं. बाईंनी ते वाक्य वाचलं. त्यात काही खोटं नव्हतं.

रोलरवाली भेटायला घरी आली, डाव्या हातानं बाईंचे हात धरून बराच वेळ बसली. ताईंना वाटलं, आता तरी ही निवळेल. पण बाईंचं मन दुसरीकडेच होतं. त्यांची बदली टॉवेलांच्या गोदामात झाली होती, फाटके वेगळे काढायला. त्याचंही त्यांना फारसं वाटलं नव्हतं. त्यांना खात होती ती घडीवाली. साक्ष फिरवूनही तिच्या नवऱ्याची गाडी गेलीच, त्याला बॉयलरवर घातलं होतं. मुकादम तिच्याशी गोड बोले, आणि बाकीच्या बाया बोलतच नसत. खोटी साक्ष दिली म्हणून.

एकदा हात धुण्याच्या नळापाशी दोघी समोरासमोर आल्या.

"तुम्ही खरंच बोललात," घडीवाली म्हणाली. "त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पहिल्या दिवशी मीही खरंच बोलले होते बाई. ते कुठे राहिलं? आता सगळ्यांना फक्त दुसरंच ऐकू येतं."

बाईंनी नळ बंद केला. घरी येऊन त्यांनी ताईंना सांगितलं. ताईंनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

काही दिवसांनी गोदामातून टॉवेलांचा गठ्ठा घेऊन बाई इस्त्रीखात्यात गेल्या. रोलरला नवी दांडी बसली होती, बांधता येऊ नये अशी. घडीवालीची जोडीदारीण आली नव्हती, आणि ती एकटीच मोठ्या चादरीची टोकं सांभाळत होती. एक धरलं की दुसरं जमिनीला लागत होतं. बाईंनी गठ्ठा ठेवला, पुढे झाल्या आणि लोंबणारी दोन टोकं उचलली. चादर दोघींच्या मध्ये ताणली गेली. घडीवालीनं क्षणभर पाहिलं. मग चालत जवळ आली, बाईंच्या हातातून टोकं काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे. मला जमतं."

रोलरमधून पुढची चादर येत होती. बाई वाटेतून बाजूला झाल्या.